घड्याळ पाहून खा, तहान पाहून प्या: लांब पल्ल्याच्या धावण्यातलं खाणं-पिणं

लांब पल्ल्याच्या धावण्यात शरीराला वाटेत मुख्यतः दोन गोष्टी लागतात: साखर आणि पाणी. पाणी कमी पडायला लागलं की शरीर तहान लावून वेळेत कळवतं. साखरेचं तसं नाही. स्नायूंमधला साठा संपत आला तरी भूक लागत नाही. उलट जोरात धावताना भूक मरते. ‘आता काहीतरी खायलाच हवं’ असं वाटतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून पुढचा सगळा सल्ला एकाच सूत्रावर उभा आहे: खायचं ते घड्याळ पाहून, प्यायचं ते तहान पाहून. नवे धावक बऱ्याचदा याच्या उलट करतात. पाण्याचं प्रत्येक टेबल आलं की ग्लास उचलतात, आणि जेल (पाकिटात मिळणारं साखरेचं घट्ट, गोड मिश्रण) मात्र ‘दमल्यावर बघू’ म्हणून खिशातच राहतं.

हा लेख हाफ मॅरेथॉन, फुल मॅरेथॉन आणि त्यापुढच्या अल्ट्रा अंतरांसाठी आहे. तासाभराच्या आतल्या धावण्यात वाटेत काही खायची गरज नसते. तहान लागली तर पाणी प्यावं, एवढंच. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल, रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर इथले आकडे स्वतःला लावण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

## आधी हिशेब

धावताना शरीराच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. ६० किलोचा धावक ४२.१९५ किलोमीटर धावला तर अडीच हजार किलोकॅलरींच्या आसपास. वेग कमी-जास्त केल्याने हा आकडा फारसा बदलत नाही. बदलतं ते इंधनाचं मिश्रण. सावकाश धावताना चरबीचा वाटा मोठा असतो, वेग वाढला की साखरेचा.

चरबीचा तुटवडा कुणालाच नसतो. अगदी सडपातळ माणसाच्या अंगावरही हजारो किलोकॅलरी चरबीच्या रूपात असतात. साखरेचा साठा मात्र तोकडा. ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंमध्ये साधारण ३०० ते ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सगळं मिळून १६०० ते २००० किलोकॅलरी. त्यातही पायांना दंडांच्या स्नायूंमधलं ग्लायकोजेन वापरता येत नाही. जे ज्या स्नायूत आहे ते त्याच स्नायूचं. यकृतातला साठा रक्तातली साखर टिकवतो आणि मेंदू त्यावर चालतो. तो संपला की पायांआधी डोकं हार मानतं: साधी बेरीज जमत नाही, चिडचिड होते, थांबावंसं वाटतं. ३० ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान ‘वॉल लागली’ असं धावक म्हणतात, ते बहुतेक वेळा हेच असतं.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच लक्षात आली होती. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी काही धावकांचं रक्त तपासलं, तेव्हा जे गळून गेले होते त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी, १९२५ मध्ये, त्यांनी काही धावकांना आधी भरपूर कर्बोदकं खायला आणि वाटेत गोड गोळ्या चघळायला सांगितल्या. साखर टिकली आणि माणसंही टवटवीत राहिली. पुढे १९६० च्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांनी मांडीच्या स्नायूचे सुईने तुकडे काढून ग्लायकोजेन प्रत्यक्ष मोजलं आणि त्याचा दमण्याशी असलेला संबंध पक्का झाला. आजची चकचकीत जेलची पाकिटं याच दोन गोष्टींवर उभी आहेत.

## पायरी पहिली: स्वतःचा घाम मोजा

घामाच्या बाबतीत दोन माणसांमध्ये इतका फरक असतो की दुसऱ्याचा प्लॅन उसना घेण्यात अर्थ नाही. कुणाला तासाला अर्धा लिटरही घाम येत नाही, तर कुणाला दोन लिटर येतो. मोजायची पद्धत सोपी आहे आणि त्यासाठी फक्त एक बरा वजनकाटा लागतो.

शर्यतीसारखं हवामान असेल असा दिवस निवडा. लघवीला जाऊन या, कपडे काढून वजन करा. पाण्याची बाटली मोजून भरा. शर्यतीच्या वेगाने बरोबर एक तास धावा. परत आल्यावर अंग, केस, मान सगळं टॉवेलने कोरडं पुसा आणि पुन्हा कपड्यांशिवाय वजन करा. घामाने निथळणाऱ्या कपड्यांसकट वजन केलंत तर मोजणी फुकट जाते. बाटलीत किती उरलं ते बघा.

समजा आधी वजन ६२.० किलो होतं, नंतर ६१.४ भरलं आणि वाटेत ३०० मिली पाणी प्यायलात. वजनातली घट ६०० ग्रॅम, अधिक प्यायलेलं ३०० मिली, म्हणजे तासाला साधारण ९०० मिली घाम. मध्ये लघवीला थांबला असाल तर अंदाजाने तेवढं वजा करा. थंडीत एकदा आणि उकाड्यात एकदा अशी ही चाचणी करून आकडे लिहून ठेवा. दोन्हींत बराच फरक दिसेल.

हा आकडा म्हणजे प्यायचं उद्दिष्ट नव्हे, ती वरची मर्यादा आहे. तासाला ९०० मिली घाम येतो म्हणून ९०० मिली प्यायचं नसतं. वरच्या उदाहरणातला धावक साडेचार तासांच्या मॅरेथॉनमध्ये तासाला ५०० ते ६०० मिली प्यायला, तर शेवटी त्याचं वजन दीड-पावणेदोन किलोने कमी होईल, म्हणजे अडीच-तीन टक्के. बहुतेकांना एवढी घट सहज चालते. शिवाय ती सगळी पाण्याची नसते: जळलेलं इंधनही त्यात असतं, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठवलेलं असतं, ते ग्लायकोजेन वापरताना मोकळं होतं.

## पायरी दुसरी: तासाला किती कर्बोदकं, ते ठरवा

एक ते अडीच तासांच्या धावण्यात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरतात. त्यापेक्षा लांब आणि जोरात धावायचं असेल, तर सरावलेल्या पोटाला ९० ग्रॅमपर्यंत झेपतं. अव्वल धावक आज त्याहूनही पुढे गेले आहेत, पण त्यांचा वेग, त्यांचं पोट आणि त्यामागची तयारी वेगळी. पहिली मॅरेथॉन करणाऱ्याने ४० ते ५० ग्रॅमचं लक्ष्य ठेवावं, असं माझं मत. तेवढं नेमाने पोटात गेलं तरी शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये फरक जाणवतो.

६० आणि ९० या आकड्यांमागे आतड्याची रचना आहे. ग्लुकोज एका वाहकाने रक्तात शिरतं आणि तो वाहक मिनिटाला साधारण १ ग्रॅम, म्हणजे तासाला ६० ग्रॅमच उचलतो. जास्त ग्लुकोज घेतलंत तर ते आतड्यात पडून राहतं, पाणी ओढून घेतं आणि मग कळा, जुलाब. फ्रुक्टोजचा वाहक वेगळा असतो. म्हणून दोन्ही साखरा एकत्र घेतल्या की एकूण जास्त माल आत जातो. जेलच्या पाकिटावर ग्लुकोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिनबरोबर (ग्लुकोजच्याच साखळ्या) फ्रुक्टोज आहे का ते बघा. प्रमाण २ ला १ किंवा १ ला ०.८ असं असतं. तासाला ६० ग्रॅमच्या आत राहणार असाल तर या प्रमाणाची चिंता नको.

आता हे ग्रॅम प्रत्यक्ष खाण्यात मांडू. बहुतेक जेलमध्ये २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात, काहींत ४०. मध्यम केळ्यात सुमारे २५. ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये २५ ते ३०. मोठा चमचाभर मधात १७ च्या आसपास. उकडलेल्या १०० ग्रॅम बटाट्यात १७ ते २०. अर्धा लिटर स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये ३० ते ४०. जेलच घ्यायला हवं असा काही नियम नाही. त्याचा फायदा एवढाच की ते चावावं लागत नाही आणि मोजायला सोपं असतं.

ड्रिंक घरी करायचं तर एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव छोटा चमचा मीठ (सुमारे दीड ग्रॅम) आणि चवीला लिंबू. साध्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं असतंच. तयार झालेलं पेय ६ टक्क्यांचं होतं, आणि ६ ते ८ टक्के ही पोटातून लवकर पुढे सरकणारी तीव्रता आहे. जास्त गोड केलंत तर ते पोटात रेंगाळेल. फळांचे रस साधारण १० टक्क्यांच्या वर असतात, त्यामुळे धावताना ते निम्मं पाणी घालूनच प्यावेत.

## पायरी तिसरी: पोटाला सराव द्या

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे, आणि मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय तेही हेच. तीन-चार महिने पायांना सराव द्यायचा आणि पोटाकडून शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा काम करून घ्यायचं, हे चालत नाही. जोरात धावताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळतं. आतड्यांना मिळणारं रक्त निम्म्याहूनही कमी होऊ शकतं. त्या अवस्थेत पचवायचं कसं, ते शिकवावं लागतं, आणि आतडं शिकतं. नियमित साखर मिळत गेली की काही आठवड्यांत जठर लवकर रिकामं व्हायला लागतं आणि साखर उचलणारे वाहक वाढतात.

शर्यतीच्या आठ-दहा आठवडे आधी सुरुवात करा. आठवड्याचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव, हा सरावाचा दिवस. पहिल्या दोन आठवड्यांत तासाला ३० ग्रॅम घ्या. पोट शांत राहिलं तर ४०, मग ५०, असं दर दोन आठवड्यांनी वाढवा. शर्यतीत जे खाणार तेच, त्याच ब्रँडचं, त्याच चवीचं. आयोजक वाटेत कुठलं ड्रिंक देणार आहेत ते आधी विचारा आणि सरावात तेच वापरा, नाहीतर आपलं आपल्याबरोबर ठेवा. निदान दोन लाँग रन शर्यतीच्या वेळेला सुरू करा आणि त्याआधी शर्यतीचा नाश्ता करून निघा. पहाटे उठून खाणं हीसुद्धा सवयच आहे.

धावून आल्यावर चार गोष्टी लिहा: किती खाल्लं, किती प्यायलं, हवा कशी होती, पोट कसं होतं. मळमळ कुठल्या जेलनंतर आली, किती वाजता आली, त्याआधी पाणी किती गेलं होतं. दोन महिन्यांत ही वही तुमच्याबद्दल कुठल्याही कोचपेक्षा जास्त सांगू लागेल.

काहीजण मुद्दाम उपाशीपोटी लाँग रन करतात, चरबी जाळायची सवय लागावी म्हणून. सोप्या, छोट्या रनपुरतं ते ठीक आहे. लांब किंवा वेगाच्या रनला करू नका. सरावाचा दर्जा घसरतो, आणि सतत कमी खाऊन धावत राहिलं तर हार्मोन आणि हाडं दोन्हींवर परिणाम होतो. पाळी अनियमित होणं किंवा थांबणं हा त्याचा इशारा असतो. त्याकडे काणाडोळा करू नये.

## पायरी चौथी: आधीचे दोन दिवस आणि ती सकाळ

दीड तासापेक्षा लांब शर्यतीसाठी आधीच्या ३६ ते ४८ तासांत ग्लायकोजेन ठासून भरता येतं. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १० ते १२ ग्रॅम कर्बोदकं हा संशोधनातला आकडा. ६० किलोच्या माणसाला ६०० ग्रॅम म्हणजे खूप खाणं. हौशी धावकाने ७-८ ग्रॅमपर्यंत मजल मारली तरी पुष्कळ झालं. ताटात भर भाताची, ब्रेडची, बटाट्याची, नूडल्सची, फळांच्या रसाची घाला आणि तेल-तूप, कडधान्यं, कच्च्या भाज्या बाजूला ठेवा. एरवी तंतुमय पदार्थ चांगले, पण हे दोन दिवस नकोत. ते आतड्यात राहतात आणि शर्यतीत शौचाला पळवतात. दूध पचायला जड जात असेल तर तेही टाळा. आदल्या रात्री तट्ट फुगेपर्यंत जेवण्याऐवजी आदल्या दुपारचं जेवण मोठं ठेवा आणि रात्री लवकर, हलकं खा.

या दोन दिवसांत वजन किलो-दीड किलो वाढतं. घाबरू नका, ते ग्लायकोजेनबरोबर साठलेलं पाणी आहे आणि वाटेत कामी येतं.

सकाळचा नाश्ता महत्त्वाचा, कारण रात्रभरात यकृतातला साठा बराच उतरलेला असतो. सुरुवातीच्या अडीच-तीन तास आधी दर किलोला २ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं घ्या. ६० किलोला १२० ग्रॅम: चार स्लाइस पांढरा ब्रेड मधाबरोबर, एक केळं, थोडं स्पोर्ट्स ड्रिंक. बरोबर ४०० मिलीच्या आसपास पाणी, तेही घोट घोट. मग लघवी फिकट पिवळी झाली की पिणं थांबवा. पाण्यासारखी पारदर्शक होईपर्यंत पीत राहिलात तर सुरुवातीच्या रांगेतच शौचालय शोधत बसाल.

सुरुवातीच्या ४५ मिनिटं आधी गोड खाल्लं की काहींची साखर थोड्या वेळासाठी खाली येते आणि पहिली काही मिनिटं गळल्यासारखं वाटतं. तुम्हाला तसं होत असेल तर शेवटचं जेल सुरुवातीच्या पाच-दहा मिनिटं आधी घ्या. धावायला सुरुवात झाली की इन्सुलिनचा तो परिणाम राहत नाही.

## पायरी पाचवी: शर्यतीत

साडेचार तासांच्या मॅरेथॉनचा एक साधा प्लॅन मांडतो. घड्याळात दर ४० मिनिटांनी गजर लावा. २५ ग्रॅमचं पहिलं जेल ३५ व्या मिनिटाला. मग १ तास १५ मिनिटं, १:५५, २:३५, ३:१५ आणि ३:५५. एकूण सहा जेल. त्याशिवाय दर तासाला साधारण २५० मिली स्पोर्ट्स ड्रिंक, त्यातून आणखी १५ ग्रॅम. बेरीज तासाला ५० ग्रॅमच्या जवळ येते. उरलेली तहान साध्या पाण्यावर भागवा.

३५ व्या मिनिटाला तुम्हाला मस्त वाटत असेल आणि जेल अजिबात नको वाटेल. तरी घ्या. ते त्या क्षणासाठी नाहीच. तासाभरानंतरच्या तुमच्यासाठी आहे.

जेल घेण्याचीही एक रीत आहे. पाण्याचं टेबल दिसलं की दोन-तीनशे मीटर आधी पाकीट काढा, वरचं टोक दाताने फाडा आणि तो तुकडा पाकिटातच अडकवा, रस्त्यावर टाकू नका. एकदम पिळून गिळू नका. एक तृतीयांश तोंडात घ्या, चार-पाच श्वास जाऊ द्या, मग पुढचा घोट. टेबलापर्यंत पाकीट रिकामं होतं आणि मग वर दीडशे मिली साधं पाणी. घट्ट जेल पाण्याशिवाय घेतलं तर पोटात ते साखरेच्या पाकासारखं बसतं आणि मळमळ सुरू होते. स्पोर्ट्स ड्रिंकबरोबर घेतलं तरी तेच. पातळ, आयसोटॉनिक जेलला मात्र पाणी लागत नाही. पाकिटावर लिहिलेलं असतं.

टेबलावर पहिल्या ग्लाससाठी झुंबड असते, म्हणून शेवटच्या टेबलांकडे जा. कागदी ग्लासचं तोंड वरून चिमटून चोच करा, म्हणजे पाणी नाकात जाणार नाही. दहा पावलं चालत प्यायलात तर वेळ फार जात नाही आणि हवाही कमी गिळली जाते. उकाड्यात एक ग्लास प्यायचा, एक डोक्यावर आणि मानेवर ओतायचा. बाहेरून ओतलेल्या पाण्याने पोटावर ओझं पडत नाही.

शेवटच्या अर्ध्या तासात काहीच खाली उतरत नसेल तर गोड ड्रिंक तोंडात पाच-दहा सेकंद घोळवून थुंका. तोंडातल्या संवेदना मेंदूला साखर आल्याचा निरोप देतात आणि पाय थोडे हलके होतात. तासाभराच्या जोरदार धावण्यात याचा उपयोग प्रयोगांत दिसला आहे.

## जास्त पाणी: मोठा धोका

पाणी कमी पडण्याची भीती सगळ्यांना असते, आणि ती बिनबुडाची नाही. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये कडक ऊन, धुळीचा रस्ता आणि पाण्याची सोय नावापुरती होती; ३२ जण धावले, त्यांतले १४ जणच शेवटपर्यंत पोचले. विजेत्याला वाटेत स्ट्रिक्निन (एक विष, तेव्हा उत्तेजक म्हणून देत), अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी देत होते.

पण नंतरच्या काळात सल्ला दुसऱ्या टोकाला गेला. ‘तहान लागण्याआधी प्या, जमेल तितकं प्या’ असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. त्याचा परिणाम २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये मोजला गेला. शर्यत पूर्ण करणाऱ्या ४८८ धावकांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम (मिठातला मुख्य घटक) सामान्य पातळीच्या खाली होतं, आणि काहींचं तर जिवावर बेतेल इतकं. सगळ्यात ठळक खूण कोणती? शर्यतीत वजन वाढणं. म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेलेलं. चार तासांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्यांमध्ये धोका अधिक होता, कारण त्यांना घाम कमी येतो आणि प्यायला वेळ भरपूर मिळतो.

रक्तातलं सोडियम पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं आणि मेंदू सुजतो. त्यातच श्रमाने आणि मळमळीने शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन वाढतं, त्यामुळे लघवीवाटे जास्तीचं पाणी बाहेरही पडत नाही. लक्षणं अशी: पोट डचमळणं, मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजून अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा घट्ट होणं, आणि पुढे गोंधळल्यासारखं बोलणं, फिट येणं. बोलणं असंबद्ध व्हायला लागलेल्या माणसाला ‘पाणी कमी पडलंय’ असं समजून साधं पाणी पाजणं जिवावर बेतू शकतं. त्याला थांबवा आणि तातडीने वैद्यकीय मदत मिळवा.

म्हणून तहान लागली तर प्या, नसेल लागली तर टेबल सोडून द्या. पोटात पाणी हिंदकळत असेल तर तहान परत येईपर्यंत काहीच पिऊ नका. यात एक अपवाद मानतो. कडक उन्हात, खूप घाम येणाऱ्या वेगवान धावकाने थोडा आखीव प्लॅन ठेवावा, कारण त्या वेगात तहान घामाच्या मागे पडते आणि टेबलांमधलं अंतरही वाढतं. पण तो प्लॅनसुद्धा मोजलेल्या घामाच्या आतच असावा.

मिठाबद्दल गैरसमज फार आहेत. एक लिटर घामात सरासरी ९०० ते १००० मिलिग्रॅम सोडियम जातं, पण काहींच्या घामात २०० तर काहींच्या २००० असतं. टोपीवर आणि कपड्यांवर पांढरे पट्टे उमटत असतील, घाम डोळ्यांत चुरचुरत असेल, तर तुमचा घाम खारट. तीन तासांच्या वर, गरम हवेत, तासाला ३०० ते ६०० मिलिग्रॅम सोडियम घेणं बहुतेकांना पुरतं. वर दिलेल्या घरच्या पेयाच्या एका लिटरमध्ये सुमारे ६०० मिलिग्रॅम येतं. मात्र मिठाच्या गोळ्या खाल्ल्या म्हणून भरमसाठ पाणी प्यायची मुभा मिळत नाही. सोडियम खाली जातं ते मुख्यतः जास्त पाण्याने. आणि पोटरीत गोळे येण्याचं कारणही दर वेळी मीठ नसतं. स्नायू सरावापलीकडे थकले की गोळे येतात. तेव्हा थांबून सावकाश ताणणं आणि वेग उतरवणं हाच इलाज.

## कॅफीन, आणि वेदनाशामक गोळ्या

कॅफीनचा फायदा खरा आहे. दर किलोला ३ मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे ६० किलोला १८० मिलिग्रॅम, साधारण दोन कप कॉफीइतकं. परिणाम ४५ ते ६० मिनिटांत शिखरावर जातो आणि काही तास टिकतो. मॅरेथॉनमध्ये निम्मं सुरुवातीला आणि निम्मं दोन तासांनंतरच्या कॅफीनवाल्या जेलमधून घ्यावं. काहींना त्याने धडधड होते किंवा शौचाला लागते, म्हणून सरावात बघितल्याशिवाय नको.

आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या शर्यतीआधी किंवा वाटेत घेऊ नका. त्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात, आतड्याचं अस्तर दुखावतात आणि सोडियम घसरण्याचा धोका वाढवतात. याबाबत मी कुठलीही सवलत देत नाही.

## वाटेत पोट बिघडलं तर

पहिलं काम वेग कमी करणं. पाच-दहा मिनिटं चाला. पायांची मागणी घटली की आतड्यांना रक्त मिळतं आणि अडकलेलं पुढे सरकतं. अंग तापलेलं असेल तर मान, मनगटं, डोकं ओलं करा. बऱ्याच वेळा मळमळीचं मूळ उष्णता असते. गोड काही घेऊ नका, साध्या पाण्याचे छोटे घोट घ्या. उलटी झाली तर काहींना लगेच बरं वाटतं. पंधरा मिनिटं थांबा, मग दोन घोट कोला किंवा पातळ ड्रिंक, ते टिकलं तर दहा मिनिटांनी आणखी दोन घोट. एकदम जेलकडे वळू नका. पोटात काहीच टिकत नसेल, चक्कर येत असेल किंवा शौचात रक्त दिसलं, तर शर्यत तिथेच सोडा.

## अल्ट्रा: इथे जेवण लागतं

सहा तासांच्या पुढे खेळ बदलतो. वेग कमी असल्यामुळे चरबीचा वाटा वाढतो आणि पोट जास्त सहन करतं, पण गोडाचा इतका वीट येतो की जेलचा नुसता वास नकोसा होतो. पाचव्या-सहाव्या तासापासून खारट आणि चावून खायचं काहीतरी हवंच: मीठ लावलेला उकडलेला बटाटा, मऊ भात, नूडल्सचं सूप, सँडविचचे छोटे तुकडे. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं टिकवली तरी उत्तम. रात्रभराच्या शर्यतीत थोडी प्रथिनंही घ्या, कारण भूक त्यानेच भागल्यासारखी वाटते.

खाण्याची वेळ रस्ता बघून निवडा. मोठ्या चढावर बहुतेक जण चालतात; तीच खायची जागा. उतारावर पोट हिंदकळतं, तिथे काही घेऊ नका.

एड स्टेशनवर (वाटेतल्या खाण्या-पिण्याच्या थांब्यावर) शिरण्याआधी काय करायचं ते मनात पक्कं करा: बाटल्या भरणं, कचरा टाकणं, पिशवीत खाणं भरणं, निघणं. हातात खाणं घेऊन चालत बाहेर पडा. खुर्चीत बसून जेवायला लागलात तर अंग गार पडतं आणि उठणं जड जातं. सपोर्ट क्रू, म्हणजे मदतीला आलेली आपली माणसं, असेल तर त्यांनी ‘काय हवंय?’ असं विचारू नये. वीस तासांनंतर त्याचं उत्तर नेहमी ‘काही नको’ असंच येतं. दोन गोष्टी समोर धराव्यात आणि ‘यातलं कुठलं?’ विचारावं.

थंडीत तहान कमी लागते, जेल गोठून घट्ट होतात. ते आतल्या खिशात अंगाशी ठेवा. उंचावर भूक मंदावते, म्हणून वर चढण्याआधीच खाऊन घ्या. रात्री गरम सूप अंगात ऊबही आणतं आणि मीठही. दातांचाही विचार करा: तासन्‌तास साखर चघळल्यावर साध्या पाण्याने चूळ भरत राहा.

## शर्यत संपल्यावर

पहिल्या तासात कर्बोदकं आणि २० ते ३० ग्रॅम प्रथिनं असलेलं काहीतरी खा. दूध, दही, अंडी, भात, जे खाली उतरेल ते. दुसऱ्याच दिवशी पुन्हा धावायचं असेल तर पहिले चार तास दर किलोला तासाला १ ग्रॅम कर्बोदकं घेत राहा. नसेल तर एवढी घाई नको, नेहमीच्या जेवणातून ग्लायकोजेन एक-दोन दिवसांत भरून निघतं.

पाण्याची भरपाई सावकाश करा, एका बैठकीत बाटल्या रिकाम्या करू नका. घटलेल्या दर किलोमागे साधारण सव्वा ते दीड लिटर, चार-सहा तासांत, खारट खाण्याबरोबर. दारू त्या दिवशी राहू द्या. शर्यतीत जास्त पाणी प्यायलेलं असेल तर सोडियम घसरण्याचा त्रास कधी कधी घरी पोचल्यावर सुरू होतो, कारण पोटात साठलेलं पाणी तेव्हा रक्तात उतरतं. डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलट्या, गोंधळ अशी लक्षणं दिसली तर रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना दोन गोष्टी आपणहून सांगा: किती तास धावलात आणि साधारण किती लिटर प्यायलात. लघवी गडद चहासारखी किंवा कोलासारखी होत असेल, किंवा बारा तासांत झालीच नसेल, तरीही थांबू नका, त्याच दिवशी तपासून घ्या.